चाकं थांबेपर्यंत

स्पेस शटलच्या उड्डाणाचे जे फोटो कॅलेंडरांवर आणि मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकले, ज्यांत ज्वाळा अंगावर आल्यासारख्या वाटतात आणि केशरी टाकीवरच्या फोमचा खडबडीतपणाही दिसतो, ते निघाले तेव्हा कॅमेऱ्यामागे कुणीच नव्हतं. फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरमध्ये पत्रकारांना उभं राहायला दिलेली जागा लाँच पॅडपासून जवळजवळ पाच किलोमीटरवर होती. उड्डाणाच्या वेळी आम्हाला त्याच्या पुढे सोडत नसत. आदल्या दिवशी पॅडच्या कुंपणाशी जाऊन कॅमेरा लावायचा, देवाचं नाव घ्यायचं आणि परत फिरायचं. पुढचं सगळं तो एकटा बघणार. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला थोडं फसवल्यासारखं वाटलं होतं, हे कबूल करतो.

मी हे काम बरीच वर्षं केलं, पण पोटासाठी नाही. पोटासाठी ऑरलँडोत कॉम्प्युटरची नोकरी होती. १९९० च्या दशकात सांगलीहून इकडे आलो आणि पहिल्याच वर्षी एका पहाटे ऑफिसच्या पार्किंगमधून पूर्वेच्या आभाळात एक नारिंगी रेघ वर चढताना दिसली. पॅड तिथून ऐंशीएक किलोमीटरवर, तरीही ती स्पष्ट दिसत होती. अमेरिकेतल्या भारतीयांसाठी निघणाऱ्या एका छोट्या साप्ताहिकाला अधूनमधून फोटो हवे असत. त्यांच्या पत्रावर मला प्रेसचा बिल्ला मिळू लागला. मानधनात फिल्मचे रोलही निघत नसत. उरलेला हिशेब बायकोने कधी मोठ्याने मांडला नाही, पण तिला तो तोंडपाठ होता.

सांगलीत मामांच्या स्टुडिओत मी लग्नाचे फोटो काढत असे. मुहूर्ताला दुसरी खेप नाही, हे तिथे अंगात मुरलं होतं. अक्षता पडतात तेव्हा रोल बदलत बसलेल्या फोटोग्राफरला कुणी माफ करत नाही. शटलचंही तसंच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली आहे. स्थानक गाठायचं तर पृथ्वी फिरता फिरता पॅड त्या कक्षेच्या पातळीत येईल तेव्हाच निघायचं, म्हणून दिवसातून एकदा जेमतेम दहा मिनिटांची संधी. फरक इतकाच की इथे नवरदेव बोहल्यावर चढल्यावर हायड्रोजन गळतोय म्हणून जानवसघरी परत जातो, आणि वऱ्हाडाला त्यात काही वावगं वाटत नाही.

उड्डाण रद्द होणं याला तिथे सगळे ‘स्क्रब’ म्हणत. २००९ च्या उन्हाळ्यात एंडेव्हरचं एक उड्डाण पाच वेळा रद्द झालं. जूनमध्ये दोनदा टाकीला जोडलेल्या नळीच्या तोंडाशी हायड्रोजन गळला, जुलैत तीनदा वीज आणि ढग आडवे आले. सहाव्या खेपेला, १५ जुलैला, ते एकदाचं गेलं. प्रत्येक स्क्रबनंतर पॅडपाशी लावलेल्या कॅमेऱ्यांचं काय करायचं हा प्रश्न असायचा. कधी बस सोडत, कधी नाही. बॅटरी उतरलेली, काचेवर दव सुकून डाग पडलेले, आणि आपण इकडे ऑफिसात मीटिंगला बसलेलो. साहेबाला पुन्हा अर्ध्या दिवसाची रजा मागायची, तीही कदाचित पुन्हा वाया जाणाऱ्या दिवसासाठी. दूरवरून विमानाने आलेले लोक परतीचं तिकीट बदलून बदलून थकत आणि शेवटी निघून जात. ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ असायचं.

दूरचे कॅमेरे लावण्याची तऱ्हा सांगण्यासारखी आहे. प्रेस साइटवर सगळ्यांनी आपापल्या पिशव्या, ट्रायपॉड, केबली जमिनीवर ओळीने मांडायच्या आणि मागे सरायचं. मग सुरक्षेचा कुत्रा एकेक पिशवी हुंगत जायचा. सप्टेंबर २००१ नंतर हे फारच कडक झालं. मग बस आम्हाला पॅडपाशी नेऊन सोडायची. वेळ मोजका. तेवढ्यात जागा धरायची, ट्रायपॉडचे पाय जमिनीत रोवून तंबूच्या खुंट्यांना आवळायचे, कॅमेऱ्याला चिकटपट्ट्या गुंडाळायच्या, वरून प्लास्टिकची पिशवी चढवून पुढे फक्त लेन्सपुरतं भोक ठेवायचं. फोकस हाताने लावून रिंगवर चिकटपट्टी मारायची, म्हणजे हादऱ्याने ती सरकत नाही. सभोवती दलदल, डास, चावऱ्या लाल मुंग्यांची वारुळं, आणि पाण्याच्या कडेला निवांत पडलेली एखादी मगर. मेरिट बेटावरचं हे सगळं रान वन्यजीव अभयारण्य आहे. रॉकेटसाठी माणसं दूर ठेवली आणि त्यात पक्ष्यांचं फावलं.

शटर दाबायला माणूस नाही, म्हणून ते आवाजावर दाबलं जाई. एक छोटा मायक्रोफोन आणि घरी डाख मारून बनवलेलं सर्किट, एवढीच त्याची करामत. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की कॅमेरा सुरू. ऐकायला सोपं वाटतं. पण शटलची तीन मुख्य इंजिनं उड्डाणाच्या ६.६ सेकंद आधी पेटतात, आणि दोन्ही बाजूंचे बूस्टर ऐन शून्यावर. फिल्मच्या जमान्यात रोल ३६ चा आणि मोटार सेकंदाला पाच फ्रेम ओढणारी. म्हणजे सात सेकंदांत रोल खलास. इंजिनांच्या आवाजावरच कॅमेरा सुरू झाला, तर यान जमिनीवरून हलायच्या सुमाराला फिल्म संपलेली. तेव्हा ट्रिगर असा लावायचा की त्याने इंजिनांना दाद देऊ नये, बूस्टरना द्यावी. ती पातळी कुठली हे कानाने ऐकून ठरवायला आपण तिथे कधीच असणार नाही. मग जुन्या मंडळींना विचारायचं, आणि जुनी मंडळी हे गुपित लोणच्याच्या मसाल्याइतकं जपून ठेवत.

फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी जवळपास रोज गडगडतं. ट्रिगरला वीज आणि बूस्टर यांतला फरक कळत नाही. एका सहकाऱ्याचा रोल आदल्या संध्याकाळीच संपला होता. त्याने तो नेहमीप्रमाणे धुऊन आणला आणि राखाडी ढगांखाली शांत उभ्या असलेल्या शटलचे ३६ फोटो टेबलावर ओळीने मांडले. त्यांतला एक मला अजून आवडतो.

दवाचा त्रास त्याहून वाईट. पहाटेच्या उड्डाणाला लेन्सवर रात्रभर दव साठतं. थंडीत हात शेकायच्या ज्या रासायनिक पुड्या मिळतात, त्या लेन्सभोवती बांधायच्या. काच हवेपेक्षा किंचित उबदार राहिली की दव धरत नाही. आणि उड्डाणानंतर कॅमेरा परत मिळतो तो पांढुरक्या थराने माखलेला. बूस्टरच्या धुरात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी असते आणि हायड्रोजन क्लोराइड वायू. आवाजाचे हादरे दाबायला पॅडवर मिनिटाच्या आत सुमारे ११ लाख लिटर पाणी सोडतात. त्या वाफेत हा वायू मिसळला की हायड्रोक्लोरिक आम्लच होतं. म्हणून लेन्सपुढे एक स्वस्तातला फिल्टर लावायचा, तो त्या उड्डाणाला वाहिला असं समजायचं.

एक्स्पोजरचं गणित कुणी शिकवत नव्हतं. मुख्य इंजिनांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन जळतात, त्यांची ज्योत फिकी निळसर, भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. बूस्टरची ज्योत मात्र डोळे दिपवणारी. दोन्ही एकाच चौकटीत, आणि वर स्लाइड फिल्म, जिला अर्ध्या स्टॉपची चूकही पचत नाही. कॅमेऱ्यातला मीटर रात्रीच्या उड्डाणाला काळोख मोजतो, आणि पुढच्या क्षणी तिथे दिवस उजाडतो. तेव्हा मीटर बंद. ज्या प्रकाशात फोटो निघणार तो प्रकाश अजून जन्मालाच आलेला नाही, असं समजून आकडे लावायचे. रात्री नदीपल्याड टायटसव्हिलहून वाकडी रेघ टिपायची असेल तर उलट सोपं: आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ-२२, शटर तीन-चार मिनिटं उघडं. बूस्टर दोन मिनिटांनी सुटतात, तिथपर्यंत रेघ जाड उमटते, पुढे तिची धार बारीक होत जाते.

आणि प्रेस साइटवरचा तो क्षण. पाच किलोमीटरवर आधी सगळं मुक्याने घडतं. वाफ फुटते, प्रकाश फुटतो, यान टॉवर ओलांडून वळतं, आणि आवाजाचा पत्ता नाही. पंधराएक सेकंदांनी तो येतो. आधी घरघर, मग फडाफडा फाटल्यासारखा कडकडाट. शर्ट छातीवर थडथड उडतो, आणि मागे १६० मीटर उंच असलेल्या जुळणी इमारतीचे पत्रे खडखडतात. हातातला कॅमेरा त्याच वेळी हलतो, म्हणून चांगले फोटो आवाज यायच्या आधीच काढून घ्यायचे. मी पहिली काही उड्डाणं नुसती व्ह्यूफाइंडरमधून पाहिली. नंतर डावा डोळा उघडा ठेवायची सवय लावून घेतली. ज्याला ते जमत नाही त्याच्याकडे फोटो असतात, आठवण नसते.

आता उतरण्याबद्दल.

उड्डाणाला बसा भरभरून माणसं येत. उतरण्याला येणारी माणसं त्यांच्या पासंगालाही पुरत नसत. टीव्हीवाल्यांना त्यात आग-धूर नाही म्हणून रस नसे, आणि संपादकांना निदान पहिल्या पानापुरता नसे. मला मात्र हळूहळू उतरणंच जास्त आवडायला लागलं. साडेचार किलोमीटर लांब, ९१ मीटर रुंद धावपट्टी, कडेने चाऱ्या, चाऱ्यांत मगरी. शंभर टनांच्या आसपास वजनाचं ते यान इंजिनाशिवाय येतं. साध्या विमानाला तीन अंशांचा उतार पुरतो, हे जवळजवळ वीस अंशांनी कोसळत येतं. एकदा हुकलं की पुन्हा फेरी मारायची सोय नाही. उतरायच्या तीनेक मिनिटं आधी लागोपाठ दोन धमाके होतात, धडाम-धडाम, एक नाकाच्या आणि एक शेपटीच्या धक्कालहरीचा. ते ऐकू आले की यान आलं. मग माना वर, आणि आभाळात एक पांढरा ठिपका सापडेपर्यंत सगळे गप्प. शेवटच्या वीसेक सेकंदांत चाकं खाली येतात, टायरांचा धूर उठतो, शेपटीतून पॅराशूट फुलतं. वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. वाऱ्याप्रमाणे धावपट्टीचं कुठलं टोक घ्यायचं हे उशिरा ठरतं, आणि आपण लेन्स रोखून बसलेलो असतो भलत्याच टोकाला. तापलेल्या काँक्रीटवरून हवा लहरते ती वेगळीच. लांब लेन्समधून यान पाण्याखालून चालल्यासारखं दिसतं.

आमच्यात एक म्हातारा फोटोग्राफर होता. वृत्तसंस्थेत हयात घालवलेला. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर ७३ व्या सेकंदाला फुटलं तेव्हा तो प्रेस साइटवर होता. त्यावर तो क्वचितच बोलायचा. पण नवशिक्यांना एक गोष्ट सांगायचा: कलाकुसर नंतर कर, आधी एक फ्रेम अशी घे की ज्यात सगळं नीट, स्वच्छ दिसतं. कंटाळवाणी असली तरी चालेल. मला वाटायचं, हा माणूस थकलाय. मी तेव्हा बगळे आणि शटल एकाच चौकटीत धरायच्या नादात होतो.

१९ नोव्हेंबर १९९७ ला कोलंबिया उडालं, त्यात कर्नालची कल्पना चावला होती. आमच्या साप्ताहिकाने त्या उड्डाणाचा अंक पुन्हा छापला. १६ जानेवारी २००३ ला ती पुन्हा त्याच यानातून गेली. सकाळ स्वच्छ होती. उड्डाण देखणं झालं. १ फेब्रुवारीला, शनिवारी, सकाळी ९ वाजून १६ मिनिटांनी उतरायचं होतं. मी धावपट्टीच्या कडेला होतो. पहाटेचं धुकं विरलं होतं, हवा इतकी चांगली की म्हातारा म्हणाला, आज हवेला लहर नाही, चाकांचा धूर कोरीव येईल.

लाउडस्पीकरवर ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाचा आवाज यानाला पुन्हा पुन्हा हाक मारत होता. आम्ही त्याकडे लक्ष देत नव्हतो. परत येताना संपर्क तुटतो, ते नेहमीचंच. मग धमाक्यांची वेळ झाली. धमाके आले नाहीत. मिनिटभराने कुणाच्या तरी फोनवर टेक्सासमधून निरोप आला. धावपट्टीच्या कडेचं मोठं घड्याळ शून्यावर आलं आणि तिथे न थांबता पुढे मोजायला लागलं. काय काढायचं हे मला सुचत नव्हतं. रिकामी धावपट्टी? नातेवाइकांसाठी मांडलेल्या बाकांकडे कॅमेरा वळवायची माझी छाती झाली नाही, आणि आजही मला ते बरोबरच वाटतं. म्हाताऱ्याने माझा दंड धरला आणि म्हणाला, घड्याळ काढ. मी घड्याळ काढलं. रंग उडालेला, मधोमध ठेवलेला, कुठलंही सौंदर्य नसलेला फोटो. साप्ताहिकाने तो छापला नाही. त्यांना कल्पनाचं हसतं पोर्ट्रेट हवं होतं, आणि त्यांच्या वाचकांच्या दृष्टीने ते योग्यच होतं.

त्यानंतरच्या महिन्यांत चौकशीतून जे बाहेर येत गेलं ते मी फोटोग्राफर म्हणून वाचलं. टाकीवरचा फोमचा तुकडा उड्डाणानंतर साधारण ८२ व्या सेकंदाला सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता. दुसऱ्या दिवशी फिल्म तपासताना तो दिसलाही. पण माग काढणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी एकाचा फोकस बिघडलेला होता, आणि बाकीच्यांतून तुकडा नेमका कुठे लागला, किती लागलं हे कळत नव्हतं. यान कक्षेत असताना त्या पंखाचे फोटो घ्यावेत अशी काही इंजिनिअरांची मागणी होती. ती पुढे सरकली नाही. आणि मग कॅलिफोर्नियापासून टेक्सासपर्यंत हौशी लोकांनी आपापल्या अंगणातून, पहाटेच्या अंधारात, थरथरत्या हाताने घेतलेले व्हिडिओ चौकशीच्या कामी आले. यानाचे तुकडे केव्हापासून सुटायला लागले हे त्यांच्यावरून जुळवता आलं. त्यांतला एकही व्हिडिओ कुठल्या स्पर्धेत टिकला नसता.

मी माझे १६ जानेवारीचे सगळे निगेटिव्ह भिंगाखाली पाहिले. ८२ व्या सेकंदाला यान वीस किलोमीटर उंचीवर होतं, माझ्या लेन्ससाठी एक पांढरं टिंब. काही दिसणं शक्यच नव्हतं, हे माहीत असूनही पाहिले. पण पाहताना लक्षात आलं की तो टिंबाचा रोल माझ्याकडे होता तो केवळ आळसाने. एरवी असे रोल मी टाकून देत असे.

तिथून माझं काम बदललं. चौकशी मंडळाने शिफारस केली की उड्डाणापासून बूस्टर सुटेपर्यंत यानाची निदान तीन उपयोगी दृश्यं मिळालीच पाहिजेत. कॅमेरे वाढले, चांगले झाले, आणि उड्डाणं पुन्हा सुरू झाल्यावर पहिली काही दिवसाउजेडीच करायची असं ठरलं. आपल्यासारख्या हौशी माणसाला या सगळ्यात कुणी विचारत नव्हतं. तरी मी स्वतःपुरता नियम घातला: पहिला कॅमेरा नोंदीचा. पूर्ण यान, सरळ क्षितिज, कडक फोकस. दुसरा आपल्या हौसेचा. बगळे दुसऱ्या कॅमेऱ्याला मिळाले.

जुलै २००५ मध्ये डिस्कव्हरी गेलं तेव्हा स्थानकाजवळ पोचल्यावर त्याने एक कोलांटी घेतली. साधारण १८० मीटर खाली थांबून आपलं पोट स्थानकाकडे फिरवलं, आणि स्थानकातल्या दोघांनी खिडकीतून ४०० आणि ८०० मिलिमीटरच्या लेन्सने उष्णतेपासून बचावासाठी बसवलेली टाइल न् टाइल टिपली. शटलची सगळ्यांत लांबवर गेलेली फोटोग्राफी ही, आणि तीत एकही कलात्मक फ्रेम नव्हती. त्या फोटोंत टाइलांच्या फटीतून दोन ठिकाणी भरणीच्या पट्ट्या बाहेर डोकावताना दिसल्या. पुढे स्टीव्ह रॉबिन्सन नावाचा अंतराळवीर यंत्रहाताच्या टोकावर उभा राहून खाली गेला आणि त्याने त्या नुसत्या हाताने ओढून काढल्या. मी ते घरी टीव्हीवर पाहत होतो. म्हातारा फोनवर होता. बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही, आणि मग त्याने विचारलं की ८०० मिलिमीटरच्या लेन्सला तिकडे ट्रायपॉड लागत असेल का.

सुनीता विल्यम्स ९ डिसेंबर २००६ ला गेली. कोलंबियानंतरचं ते पहिलं रात्रीचं उड्डाण. दोन दिवस आधी खाली आलेल्या ढगांनी ते अडवलं होतं, आणि त्या रात्री नदीकाठी जमलेल्या गुजराती मंडळींनी आणलेला सगळा ढोकळा आम्ही पत्रकारांनी संपवला. ९ तारखेला रात्री पावणेनऊला इतका उजेड पडला की नोंदीचा कॅमेरा आणि हौसेचा कॅमेरा दोन्ही एकदमच खूश. पण परतायची पाळी आली ती जून २००७ मध्ये, अटलांटिसमधून. २१ तारखेला मी धावपट्टीशी हजर. ढग आणि पाऊस, उतरणं पुढे ढकललं. २२ तारखेला पुन्हा हजर. पुन्हा ढग, आणि शेवटी यान कॅलिफोर्नियाच्या एडवर्ड्स तळावर उतरवलं. देशाच्या दुसऱ्या टोकाला. साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन आला, उतरतानाचा फोटो कधी पाठवताय? मी त्यांना आमच्या रिकाम्या धावपट्टीचा पाठवला. या खेपेला त्यांनी तो छापला, आणि खाली लिहिलं की पाहुणी दुसऱ्या दाराने घरात आली.

डिजिटल कॅमेरे आले तसा खर्च कमी झाला आणि फोटो पुसायची खोड वाढली. आजूबाजूची तरुण पोरं बसमधून परततानाच छोट्या पडद्यावर बघून बघून फ्रेम उडवायची. मी त्यांना कधी टोकलं नाही, टोकून कुणी ऐकत नाही. माझ्या हार्ड डिस्क मात्र भरत गेल्या. मे २०११ मध्ये एंडेव्हर शेवटचं गेलं तेव्हा वीसेक सेकंदांत ते ढगात शिरलं आणि संपलं. आमच्यापैकी बरेच जण हिरमुसले. मी त्या ढगाच्या फ्रेमही ठेवल्या आहेत, त्यात आतून उजळलेला ढग आहे, आणि ढगाच्या तळाशी सावली कुठे पडली हेही दिसतं. कुणाला कशाला लागतील? नसतील लागत.

शेवटचं उड्डाण ८ जुलै २०११ ला, अटलांटिसचं. रस्ते आदल्या रात्रीपासून तुंबले होते. समुद्रकिनाऱ्यावर, पुलांवर, हॉटेलांच्या गच्च्यांवर माणसं. १३५ वी मोहीम. आणि २१ जुलैला पहाटे ५ वाजून ५७ मिनिटांनी ते अंधारातच उतरलं. त्या दिवशी धावपट्टीशी पूर्वी कधी न पाहिलेली गर्दी होती. बरेच जण पहिल्यांदाच उतरणं बघायला आलेले. धमाके झाले तेव्हा अर्धे लोक दचकले, आम्ही जुने मात्र सुस्कारा टाकून मोकळे झालो. धावपट्टीवरच्या झगमगीत दिव्यांच्या झोतातून यान पांढऱ्या भुतासारखं आलं आणि निघून गेलं, मागे अंधारात पॅराशूट. ‘व्हील्स स्टॉप’ म्हणजे चाकं थांबल्याची घोषणा होईपर्यंत मी शटर सोडलं नाही. त्यात निम्म्या फ्रेम नुसत्या काळ्या.

नंतर तिथे खूप काही आलं. डिसेंबर २०१५ पासून फाल्कन रॉकेटचे बूस्टर परत येऊन पाय टेकवतात, आणि त्यांचे धमाके आधी नाही, उतरून झाल्यावर ऐकू येतात. माझ्या कानांना ते अजून उलटंच वाटतं. म्हातारा ते बघायला राहिला नाही.

सध्या मी जुने निगेटिव्ह स्कॅन करतोय. लोक उड्डाणांचे प्रिंट मागतात, भिंतीवर लावायला, विशेषतः रात्रीची रेघ. एका डेंटिस्टच्या दवाखान्यात तीन आहेत. उतरण्याचा प्रिंट आजवर कुणी मागितलेला नाही. मी मात्र स्कॅनरवर आधी उतरणीच घेतोय, कारण त्या डब्यांना दमट हवेने बुरशी लवकर धरलीय, आणि त्यांच्या प्रती दुसऱ्या कुणाकडे असण्याची शक्यता कमी. १९९८ पर्यंत आलोय. बायको विचारते, हे संपणार कधी. तिला सांगितलंय, दिवाळीपर्यंत. कुठली दिवाळी, ते सांगितलेलं नाही.